गुंडाला कंठ फुटतो

२००१ सालच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ (जीटीए) या व्हिडिओ गेमचा नायक गाड्या पळवतो, माणसं मारतो, पण अख्ख्या खेळात चकार शब्द काढत नाही. त्याचं क्लॉड हे नाव ऐकू येतं तेही तीन वर्षांनी, याच मालिकेतल्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये. हे मौन पुष्कळांना खोल, अर्थपूर्ण वगैरे वाटलं. खेळ बनवणाऱ्यांपुढे मात्र इतर अडचणींचा डोंगर होता. नायकाचं बोलणं त्यात मागे पडलं, इतकंच.

मालिकेतल्या पुढच्या, २००२च्या ‘व्हाइस सिटी’त गुंडाला कंठ फुटला, तोही नामांकित. टॉमी व्हर्सेटीला आवाज दिला रे लिओटा यांनी. स्कॉर्सेसीच्या ‘गुडफेलाज’ या सिनेमातले (१९९०) गुंड हेन्री हिल ते हेच. सिनेमानं कमावलेली जरब खेळानं उसनी घेतली. पात्र एकीकडचं, नट दुसरीकडचा, यात आपल्याला नवल वाटू नये. ‘सत्या’तला (१९९८) भिकू म्हात्रे अस्सल मुंबईकर वाटतो, आणि तो उभा केला बिहारच्या मनोज बाजपेयींनी.

कळंब गावच्या पोरांपर्यंत टॉमी पोचला तो चोरट्या सीडीतून आणि नेरळ-कर्जतच्या सायबर कॅफेतून. संवाद निम्मेअधिक डोक्यावरून जायचे. कामगिरी नकाशावरच्या खुणेवरून ओळखायची, चीटकोड पाठ करायचे आणि शिव्या तेवढ्या बिनचूक उचलायच्या. लिओटा २०२२मध्ये गेले, तेव्हा ‘आपला टॉमी गेला’ म्हणून हळहळलेली मंडळी मला ठाऊक आहेत. त्यांना ‘गुडफेलाज’चं नावही माहीत नव्हतं. उसन्या जरबेचा मूळ धनी असा विसरला गेला, आणि आवाज टॉमीच्याच नावावर चढला.

नामांकित नट हवाच कशाला, हे खेळ बनवणाऱ्या कंपनीच्याही लवकरच लक्षात आलं असावं. ‘सॅन अँड्रियास’चा नायक सीजे यंग मेले या रॅपरनं बोलता केला. २००८च्या ‘जीटीए ४’मध्ये नायक निको बेलिक झाला मायकेल हॉलिक. पहिल्याच आठवड्यात खेळाची विक्री ५० कोटी डॉलरवर गेली. हॉलिकला वर्षभराहून जास्त कामाचे मिळाले सुमारे एक लाख डॉलर. सिनेमा-मालिकांत पुनःप्रक्षेपणाचे पैसे मिळतात, तसा पुढच्या विक्रीतला वाटा इथे नव्हताच. तमाशातल्या सोंगाड्याची सुपारी ठरावी आणि तंबू कितीही भरला तरी ती तेवढीच राहावी, तसा हा हिशेब. हॉलिकनं तो उघडपणे बोलून दाखवला. बरं केलं.

दरम्यान नुसत्या आवाजावर भागेनासं झालं होतं. ‘जीटीए ५’साठी (२०१३) नेड ल्यूक, शॉन फोंटेनो आणि स्टीव्हन ऑग यांनी अंगावर खुणा लावलेले घट्ट कपडे चढवून प्रसंग अक्षरशः वठवले. त्यातल्या ट्रेवर या पात्राची चाल ही ऑगची चाल आहे. ‘हिटमॅन’ या दुसऱ्या खेळमालिकेत मात्र उलटा प्रकार घडला. २०१२च्या ‘ॲब्सोल्यूशन’साठी नायक एजंट ४७चं अंग विल्यम मॅपोदरचं घेतलं, आवाज २०००पासूनचा डेव्हिड बेटसनचा, तो बदलायला निघाले तर चाहते खवळले आणि बेटसनला परत बोलवावं लागलं. २०१८च्या ‘हिटमॅन २’मध्ये हाच आवाज मुंबईच्या झोपडपट्टीत उतरतो. तिथलं एक सावज वझीर काळे! आडनाव आपलं, धंदा चाचेगिरीचा.

अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेनं खेळांच्या कंपन्यांविरुद्ध २०१६मध्ये संप केला, तेव्हा प्रश्न मुख्यतः पैशाचा होता. जुलै २०२४च्या संपात तो घशाचा झाला: माझा आवाज यंत्राला शिकवून मला न विचारता वापरणार का? २०२५च्या करारानं अशा नकलेसाठी नटाची संमती आवश्यक ठरवली.