एका कानाचे संगीत

ऐन रंगात आलेले गाणे एका कानात एकाएकी थांबावे आणि दुसऱ्या कानात निर्विकारपणे चालू राहावे, हा प्रसंग तारेचे इयरफोन वापरणाऱ्यावर केव्हा ना केव्हा येतोच. मग तार पिळण्याचे प्रयोग सुरू होतात. ती एका विशिष्ट कोनात वाकविली की तबला परत येतो. हात जरा हलला की तबलजी पुन्हा रजेवर! अखेर मान तिरकी, कोपर वर आणि श्वास रोखलेला, अशा अपूर्व आसनात श्रोता उरलेले गाणे ऐकतो.

या फजितीमागचे कारण साधे आहे. तारेतील तांब्याचे बारीक तंतू सतत वाकल्याने एकेक करून तुटतात, आणि तेही बहुधा जोडणीच्या टोकाशी. वाकविल्यावर तुटकी टोके क्षणभर भेटतात, इतकेच.

परंतु या नाजूक तारेवर केवळ करमणूकच अवलंबून होती असे नाही. १९१० साली अमेरिकेतील यूटा येथील नथॅनिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात इयरफोनांची जोडी बनविली आणि जांभळ्या शाईत पत्र लिहून ती नौदलाला देऊ केली. नौदलाला ती पसंत पडली. मात्र मागणी येताच, एका वेळी दहांहून अधिक जोड्या आपल्याच्याने होणार नाहीत, असे त्याला कळवावे लागले. दोन वर्षांनी, १५ एप्रिल १९१२ च्या रात्री, ‘कार्पेथिया’ जहाजावरील बिनतारी संदेशवाहक हॅरॉल्ड कॉटम निजण्याच्या तयारीत होता. कोट उतरला होता, पण श्रवणयंत्रे अजून कानांवरच होती. म्हणूनच ‘टायटॅनिक’ची संकटवार्ता त्याच्यापर्यंत पोचली आणि सुमारे सातशे माणसे वाचली. त्या घटकेला एखादा तंतू तुटला असता तर?

पुढे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती. त्या काळी स्फटिकाचा स्वस्त संच विजेशिवाय चाले. पण लहरींतून मिळणारी शक्ती इतकी तुटपुंजी की, आवाज इयरफोनापुरताच निघे. साहजिकच घरात माणसे अनेक आणि कान दोनच, असा पेच पडे. दोघे डोक्याला डोके लावून एकेक कान वाटून घेत. विलायतेत तर श्रवणयंत्रे चिनी मातीच्या वाडग्यात ठेवून सारे कुटुंब त्याभोवती बसे. यंत्र आपटले की त्यातील चुंबक मंदावे आणि गवई दूरच्या गावी निघून गेल्यासारखा वाटे.

१९७९ साली वॉकमन आला आणि तार रस्त्यावर, गाडीत, गर्दीत सर्वत्र हिंडू लागली. तिचे वाकणेही तितकेच वाढले. २०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या नव्या फोनातील तारेचे भोकच बुजविले. तार गेली, पण एका कानाचे संगीत काही गेले नाही. आता कानातील चिमुकली बॅटरी वारंवार भरून थकते, आणि दोहोंपैकी एक नेहमी आधी थकते.

फरक एवढाच की, तुटलेली तार दुरुस्तीवाला कापून, डाग देऊन पाच मिनिटांत जोडीत असे. सीलबंद कवचातील बॅटरी बदलणे सहसा त्याच्या हाती नसते. कानातला गवई थांबला की सगळी जोडीच बदलावी लागते. आणि कोपर वर धरून उरलेले गाणे ऐकण्याची सोयही आता राहिलेली नाही.