काय विसरायचं, हे कोण ठरवणार?

या वीकांताचा विषय जरा कोरडा वाटेल, पण थोडा धीर धरा. सोर्स कंट्रोल म्हटलं की आपण लक्षात ठेवण्याबद्दलच बोलतो. कोणती ओळ कोणी बदलली, कधी बदलली, का बदलली वगैरे. पण याच प्रणालीला "बाई गं, हे लक्षात ठेवू नकोस" असं सांगायची वेळ का आली? डॉट गिटइग्नोअर नावाची फाइल आपण सगळेच कुठून तरी उचलतो, प्रोजेक्टमध्ये चिकटवतो आणि विसरून जातो. तिच्यामागचा इतिहास मात्र मजेशीर आहे. त्यात एकच भांडण पुन्हा पुन्हा येतं: कचरा कशाला म्हणायचं, हे ठरवायचा हक्क कोणाचा?

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस लिहिलं. पुढे १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. या दोन्ही प्रणाली एकेका फाइलीचा इतिहास ठेवायच्या. तुम्ही नाव घेऊन सांगाल त्या फाइलीची नोंद होणार, बाकीच्यांकडे प्रणाली ढुंकूनही बघणार नाही. न बोलावलेल्या पाहुण्याला "येऊ नका" असं वेगळं कशाला सांगायचं?

मग सीव्हीएस आलं आणि चित्र बदललं. आम्सटरडॅमच्या व्रेइए विद्यापीठातले डिक ग्रुन दोन विद्यार्थ्यांबरोबर एका सी कंपायलरवर काम करत होते. तिघांच्या वेळा जुळेनात, एकमेकांसाठी फाइली अडवून ठेवणं परवडेना. म्हणून त्यांनी आरसीएसच्या डोक्यावर शेल स्क्रिप्ट्स रचल्या आणि १९८६ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनरने तेच सी भाषेत नव्याने लिहिलं. आता एका आज्ञेत अख्खं फोल्डर, त्याच्या पोटातल्या फोल्डरांसकट, अद्ययावत व्हायला लागलं.

आणि इथेच मेख आहे. अख्खं फोल्डर बघायचं म्हटलं की त्यात पडलेलं सगळंच दिसणार. कंपायलरने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली, एडिटरने ठेवलेल्या जुन्या प्रती, प्रोग्रॅम कोसळल्यावर मागे राहिलेली 'कोअर' नावाची फाइल... अनोळखी फाइल दिसली की सीव्हीएस तिच्या नावापुढे '?' छापायचं. अशी दोनशे प्रश्नचिन्हं पडद्यावरून धावत गेली की त्यात एक खरीखुरी नवीन, चेक-इन करायची राहिलेली फाइल कोणाला दिसणार? तांदळात खडे नव्हे, खड्यांत तांदूळ शोधायची वेळ! तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्या. इग्नोअरची सोय डिस्कवरची जागा वाचवण्यापुरती नव्हती. माणसाची नजर वाचवणं हे तिचं मोठं काम होतं.

सीव्हीएसने यावर दोन उपाय दिले. एक म्हणजे फोल्डरात ठेवायची डॉट सीव्हीएसइग्नोअर फाइल. ती फक्त त्याच फोल्डरापुरती, पोटफोल्डरांना लागू नाही. शिवाय नावं मोकळ्या जागेने तोडलेली, त्यामुळे ज्या फाइलीच्या नावातच मोकळी जागा आहे तिचं नाव जसंच्या तसं लिहायची सोय नाही. दुसरा उपाय म्हणजे प्रणालीच्या आतच कोरलेली यादी. 'डॉट ओ'ने संपणारं, 'डॉट बॅक'ने संपणारं, 'डॉट ईएक्सई'ने संपणारं, 'टॅग्ज' नावाचं, 'कोअर' नावाचं सगळं आपोआप दुर्लक्षित.

म्हणजे कचरा काय ते अवजार ठरवणार. हेतू चांगलाच होता हो! पण 'कोअर' हा मेमरीतून ओतलेला ढिगारा आहे, हे युनिक्सवाल्यांचं गृहीतक. एखाद्याने आपल्या प्रोजेक्टच्या मुख्य कोडच्या फोल्डरालाच 'कोअर' नाव दिलं तर? ते अगदी साहजिक नाव आहे. सीव्हीएसमध्ये बाहेरून कोड इम्पोर्ट करताना असं फोल्डर गाळलं जायचं. हजारो ओळींत 'आय' हे अक्षर आणि फोल्डराचं नाव एवढीच एक ओळ छापली जायची. मूळ यादी पुसण्यासाठी एक उद्गारचिन्ह द्यायची सोय होती, पण ती वापरायला आधी अशी यादी आहे हे माहीत तर पाहिजे ना.

२००० मध्ये सीव्हीएसची जागा घ्यायला म्हणून सबव्हर्जनचं काम सुरू झालं आणि २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यांनी यादी फाइलीतून काढून फोल्डराच्या 'प्रॉपर्टी'त ठेवली, नाव एसव्हीएन:इग्नोअर. यादीलाही इतिहास मिळाला, पण ती डोळ्यांना दिसेनाशी झाली! फोल्डर उघडून बघितलं तर काही नाही, मुद्दाम आज्ञा देऊन विचारावं लागे. शिवाय ती पुन्हा एकाच फोल्डरापुरती. पोटफोल्डरांना लागू होणारी प्रॉपर्टी यायला २०१३ ची १.८ आवृत्ती उजाडली.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं आणि त्याच महिन्यात मॅट मॅकॉलने मर्क्युरियल. गिटमध्ये जी पद्धत पुढे रुजली तिच्यात कोरलेली यादी नाही. ऑब्जेक्ट फाइल असो की कोअर, तुम्ही सांगितल्याशिवाय गिट काहीच कचरा मानत नाही. अजूनही 'गिट एलएस-फाइल्स' या पायाच्या आज्ञेला नोंद नसलेल्या फाइली दाखवायला सांगा, ती सगळ्या दाखवते. नेहमीच्या याद्या पाळायच्या तर तसा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

आणि हक्काची वाटणीही सरळ झाली. सगळ्या प्रोजेक्टला लागू ते डॉट गिटइग्नोअरमध्ये. ती साधी फाइल, सर्वांना दिसणारी, बाकी कोडसारखीच कमिट होणारी. फक्त माझ्या या प्रतीपुरतं ते डॉट गिट फोल्डरातल्या 'इन्फो/एक्सक्लूड'मध्ये. आणि माझ्या एडिटरच्या सवयींचा कचरा माझ्या स्वतःच्या जागतिक यादीत. लिनक्स कर्नलच्या मुळाशी असलेली यादी बघण्यासारखी आहे. ती टिंबाने सुरू होणारं सगळंच गाळते आणि मग उद्गारचिन्ह लावून निवडक फाइली परत आत घेते. त्यात डॉट गिटइग्नोअर स्वतःही आली, नाहीतर यादीने यादीलाच बाहेर काढलं असतं!

इथवर गोष्ट गमतीची आहे. पण इग्नोअर म्हणजे विसरणं नव्हे, हे न कळल्याने पुढे माणसं पस्तावली. यादी फक्त नोंद नसलेल्या फाइलींना लागू होते. एकदा कमिट झालेली फाइल नंतर यादीत घातली तरी गिट तिचा माग ठेवतंच, आणि काढून टाकली तरी जुन्या कमिटांत ती जशीच्या तशी असते. जानेवारी २०१३ मध्ये गिटहबने नवा कोड-शोध सुरू केला, तेव्हा लोकांना त्यात इतरांच्या खासगी एसएसएच किल्ल्या धडाधड सापडल्या. २०१६ मध्ये उबरच्या एका खासगी रेपॉझिटरीत शिरलेल्या हल्लेखोरांना अमेझॉनच्या क्लाउडची किल्ली मिळाली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती हाती लागली. कंपनीने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांशी तडजोड केली ती १४ कोटी ८० लाख डॉलर मोजून. किल्ली कोडच्या ओळीतच लिहिली असेल तर कुठलीही यादी वाचवत नाही. म्हणून ती वेगळ्या फाइलीत ठेवायची आणि त्या फाइलीचं नाव पहिल्या कमिटच्या आधी यादीत घालायचं. किल्ली बाहेर गेलीच तर इतिहास धुवत बसण्याआधी ती किल्ली रद्द करायची.

सध्या गंमत अशी की गिटहबने जमवलेल्या तयार याद्यांमधून आपण एक निवडतो आणि पुढे जातो. म्हणजे सीव्हीएसची कोरलेली यादी मागच्या दाराने परत आली म्हणा ना. फरक इतकाच की ही यादी आपल्यासमोर उघडी असते आणि तिची ओळ न ओळ बदलता येते. वाचायची तसदी मात्र आपणच घ्यायची.

असो. सोमवारी कचेरीत गेलात की 'गिट चेक-इग्नोअर' ही आज्ञा 'व्ही' पर्याय लावून एखाद्या गाळल्या गेलेल्या फाइलीवर चालवून बघा. २०१३ च्या १.८.२ आवृत्तीपासून ती गिटमध्ये आहे. कोणत्या यादीतल्या कितव्या ओळीमुळे ती फाइल बाहेर राहिली, हे ती नेमकं सांगते. सीव्हीएसच्या काळात 'कोअर' फोल्डर शोधत बसलेल्यांना एवढंच तर हवं होतं.