चाळणीचं माप आणि फुफ्फुसाचं माप

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला बाहेरून आलेला माणूस पहिल्या तासाभरात ठसकतो. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, वारा सुटला की शिंका सुरू होतात. या मिरचीच्या भुकटीचे बरेचसे कण जाडे असतात. ते नाकात-घशात अडकतात, झोंबतात, आणि शरीर लगेच तक्रार करतं. त्यामुळे आम्हा नंदुरबारकरांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसलाय: जी धूळ झोंबते ती वाईट, जी झोंबत नाही ती चालून जाते.

हा हिशेब किती घातक आहे ते बघायला लांब जावं लागत नाही. धडगावच्या उत्तरेला नर्मदा ओलांडली की मध्य प्रदेशातला अलीराजपूर जिल्हा. सातपुड्याच्या या बाजूलाही भिल्ल वस्ती, त्या बाजूलाही. आणि पोटासाठी गुजरातची वाट दोघांचीही. अलीराजपूर, झाबुआ, धार या भागातले आदिवासी मजूर गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. पांढरी शुभ्र भुकटी, ना वास, ना झोंबणं. परत आले ते धापा टाकत. कित्येकांना आधी क्षयाची औषधं दिली गेली, गुण आला नाही. आजार होता सिलिकोसिस. त्यावर बरं करणारं औषध आजही नाही.

प्रकरण २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या, अशी शिफारस गुजरात सरकारला केली. पैसे देण्याचा आदेश न्यायालयाकडून निघायला ४ मे २०१६ उजाडलं.

आता प्रश्न असा, की या धंद्यात भुकटीचे कण कधी कुणी मोजतच नव्हतं का?

मोजत होते की! गारगोटीची भुकटी विकलीच जाते कणांच्या मापावर. काच, चिनीमातीची भांडी, फरशा, प्रत्येकाला वेगळी बारीक भुकटी लागते. बाजारात त्याला ‘मेश’ म्हणतात. २०० मेश म्हणजे एका इंचात २०० घरं असलेली चाळणी, तिचं भोक साधारण ७५ मायक्रॉनचं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण चाळणी एवढंच सांगते, की यापेक्षा मोठा कण खाली आला नाही. खाली पडलेल्यात ७० चा किती आणि २ चा किती, हे ती सांगत नाही. गिऱ्हाइकाला त्याची गरजही नसते. माणूस मरतो तो नेमका त्या २ मायक्रॉनवाल्याने.

हे समजायला जगाला फार वेळ लागला. दगडाची धूळ खाणमजुरांना मारते, हे १५५६ सालच्या अ‍ॅग्रिकोलाच्या खाणकामावरच्या ग्रंथातही आहे. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या भागात एकामागून एक सात नवरे झालेल्या बायका सापडतात, असं त्याने नोंदवलंय. पण कोणती धूळ, किती, याचं माप नव्हतं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत माणसं अशीच जायला लागली तेव्हा १९१६ च्या सुमाराला रॉबर्ट कोत्झे यांनी ‘कोनीमीटर’ आणलं. चिकट लेप दिलेल्या काचेवर हवेचा झोत मारायचा आणि चिकटलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. भुकटी पोत्यातली नाही, मजुराच्या नाकासमोरच्या हवेतली मोजायची, हा मोठा बदल होता.

पुढची अडचण वजनाची. ५० मायक्रॉनचा एक कण वजनाला ५ मायक्रॉनच्या हजार कणांएवढा भरतो. सगळी धूळ एकत्र तोललीत तर काट्यावर दिसते ती मुख्यतः जाडी, कमी घातक धूळ. म्हणून १९५९ च्या जोहान्सबर्ग परिषदेत ठरलं, की फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचेल तेवढीच धूळ वेगळी काढून मोजायची. कण पट्टीने नाही, हवेत किती वेगाने खाली बसतो त्यावरून मापायचा. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही रेघ ४ मायक्रॉनच्या आसपास आहे. १०० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या नाकापासून जमिनीवर काही सेकंदांत येतो. १ मायक्रॉनच्याला जवळपास १२ तास लागतात. पाळी संपते, धूळ खाली बसलेली नसते. आणि ती डोळ्यांना दिसतही नाही.

आपल्याकडे भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं प्रकरण आणि हवेतल्या रसायनांच्या मर्यादांचा तक्ता आला. त्यात सिलिकाचं सूत्र आहे: फुफ्फुसात पोचणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ शेकडा किती ते काढा, त्यात २ मिळवा, आणि त्या आकड्याने १० ला भागा. शुद्ध गारगोटी असेल तर उत्तर येतं घनमीटर हवेत सुमारे ०.१ मिलिग्रॅम. साखरेच्या एका दाण्याचं वजनही याहून जास्त भरेल.

म्हणजे शास्त्र तयार, कायदा तयार. त्याच सुमाराला, १९८५ साली, मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्क्यांना सिलिकोसिस. आपण ज्या पेन्सिलीने बाराखडी गिरवली तिची ही किंमत. इतकं सगळं माहीत असूनही गोध्रा घडलं. कारण नाकासमोरची हवा मोजायला कारखान्यात कुणीतरी जावं लागतं, आणि मजूर एका राज्यातला, कारखाना दुसऱ्या राज्यातला असला की त्याच्यासाठी कुणीच जात नाही.

आपल्या जिल्ह्यातूनही दरवर्षी माणसं गुजरातला जातात. ऊसतोड, बांधकाम, मिळेल ते. म्हणून माझं म्हणणं तीन साध्या गोष्टींचं आहे. ग्रामपंचायतीत स्थलांतराची नोंद होते तिथे गावाच्या नावापुढे कामही लिहा: दगड फोडणं, दळणं, फरशी कापणं. आरोग्य केंद्रात दोन आठवड्यांवर खोकला असलेला माणूस आला तर थुंकी तपासाच, पण ‘दादा, कुठे काय काम केलं?’ हेही विचारून केसपेपरवर लिहा. आणि कुणी कारखानदार धुळीचा अहवाल दाखवला तर पहिला प्रश्न करा: हे वजन सगळ्या धुळीचं, की फुफ्फुसात पोचणाऱ्या बारीक धुळीचं?

तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. तुमच्या पाड्यावरून कुणी अशा कामाला निघालं असेल, तर एवढं तरी त्याच्या कानावर घाला.