चिनी थडग्यांतील रत्नांचे मूळस्थान

प्राचीन चिनी थडग्यांत मिळणारे मणी, खडे आणि रत्नजडित दागिने कोणत्या प्रदेशातून आले, याचा शोध. यात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: दगड कुठल्या भूमीतला, आणि त्याला घडवणारा हात कुणाचा?

चेनच्या राजकन्येचे थडगे हा भेद सर्वांत स्पष्ट दाखवते. ख्यितान लोकांच्या ल्याओ घराण्यातली ही मुलगी १०१८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी वारली. आंतर मंगोलियातील तिचे थडगे १९८६ मध्ये उघडले तेव्हा तिच्या आणि तिच्या पतीच्या चेहऱ्यावर सोन्याचे मुखवटे होते, अंगावर चांदीच्या तारांची जाळी होती आणि सोबत तृणमण्याचे, म्हणजे अंबराचे, दोन हजारांहून अधिक नग होते. (घासला की गवताची काडी ओढतो, म्हणून तृणमणी.) ल्याओ राज्यातच फूशुन येथे कोळशाच्या थरांत अंबर मिळते, त्यामुळे पहिला संशय तिथेच जाणार. पण तपासलेल्या नमुन्यांच्या अवरक्त वर्णपटात बाल्टिक अंबराची ओळखीची खूण दिसली. राळ युरोपच्या उत्तर किनाऱ्यावरची, तिच्यावर कोरलेले ड्रॅगन मात्र पूर्वेकडचे.

दगडी मण्यांबाबत पहिली साक्ष भोकाची घेतात. त्याच्या आत सिलिकॉनचा ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गिरमिटाचे वळसे उमटलेले दिसतात. हिऱ्याच्या टोकाचे गिरमिट ही पश्चिम भारतातील मणिकारांची जुनी रीत. तांबड्या कार्नेलियनवर क्षार लावून, भाजून पांढऱ्या रेघा उठवण्याची कला सिंधू संस्कृतीत बहरली होती आणि असा रेघांचा मणी युन्नानमधील शिझायशानच्या थडग्यांतही सापडला आहे. गुजरातेतील रतनपूरचे कार्नेलियन ज्या लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झाले, त्याच लाव्हाने सह्याद्रीही रचला आहे. मात्र रेघांची पद्धत पुढे इतरत्रही पसरली, त्यामुळे नुसत्या नक्षीवरून मण्याचे गाव ठरवणे धोक्याचे. दगडातील सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाणही खाणींच्या नमुन्यांशी जुळवावे लागते.

पिरोजात तांबे असते, म्हणून तिथे तांब्याचे समस्थानिक उपयोगी पडतात. हनानमधील अर्लितो येथे २००२ मध्ये एका थडग्यात दोन हजारांहून अधिक पिरोजा-तुकड्यांचा ड्रॅगन मिळाला. अशा पिरोजाचा माग घेताना अभ्यासकांनी हूपै आणि शान्सीच्या डोंगरांतील जुन्या खाणी धुंडाळल्या.

क्वचित प्रयोगशाळेच्या जोडीला लेखी पुरावाही मिळतो. हूपैमधील मिंग राजपुत्र ल्यांगच्या थडग्यात २००१ मध्ये सातशेहून अधिक रत्ने निघाली. त्यांतील माणके, नीलम आणि लसण्या यांमुळे अभ्यासकांची नजर श्रीलंकेकडे वळते. त्यांच्यासोबत सोन्याची एक लगड होती. ती १४१९ मध्ये ‘पश्चिम महासागरा’कडील, म्हणजे हिंदी महासागराकडील, प्रदेशांत विकत घेतल्याचे तिच्यावरच कोरले आहे. मिंग नौसेनानी चंग ह याच्या पाचव्या सागरी मोहिमेचे ते वर्ष. राजपुत्र तेव्हा आठ वर्षांचा होता.