यशवंती, घुमट आणि पाळायची घोरपड

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.)

"घोरपड पाळूक चलता काय? आणि पाळलंय तर तिका खावक काय घालूचा?" हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कुणाला गडग्याच्या भोकात पिल्लू दिसलेलं असतं, कुणी मोबाईलवर परदेशातला व्हिडिओ बघितलेला असतो. आणि हटकून पुढचं वाक्य असतं, "तानाजीन पाळली होती ना!"

तर आधी तानाजीच.

४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. तानाजी मालुसरे सिंहगडाचा कडा चढून गेले आणि गड घेताना पडले, हा इतिहास आहे. यशवंती घोरपड मात्र येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. पेटाऱ्यातून काढलेली, नाव ठेवलेली, दोर बांधून कड्यावर सोडलेली. ती अर्ध्यातून माघारी फिरते तेव्हा तानाजी तिला कापून भाकरीबरोबर खाण्याची धमकी देतात. म्हणजे पोवाड्यातसुद्धा ती काही लाडाची नाही! उलट सभासदाची बखर बघा. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांतली. तिच्यात कड्यावर चढणारे निवडक मावळे आहेत, वानरासारखे चपळ. घोरपड नाही.

कागदपत्रं बाजूला ठेवा, नुसता प्राणी बघा. घोरपड थंड रक्ताची. ऊन खाल्ल्याशिवाय तिचं अंग चालत नाही. संध्याकाळ झाली की ती बिळात नाहीतर वारुळात. सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर. माघातल्या रात्री तिथल्या कड्यावर घोरपड सोडली तर ती चढणार नाही, गारठून बसेल. शिवाय मोठ्यात मोठी घोरपड सहा-सात किलोची. तिच्या भरवशावर गडी वर चढवायचा?

मग गोष्ट आली कुठून? त्यात एक अस्सल निरीक्षण आहे. पाठलाग झाला की घोरपड फटीत घुसते, हवा भरून अंग फुगवते आणि नखं रुतवते. मग शेपटी धरून कितीही ओढा, हलत नाही. ही चिवट पकड लोकांनी पिढ्यान् पिढ्या बघितली होती. मुधोळच्या घोरपडे घराण्याचं आडनावही याच पकडीवरून आल्याचं सांगतात. बहमनी वजीर महमूद गावान १४६९ नंतर कोकणात उतरला, तेव्हा खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीच्या साहाय्याने सर केला आणि किताब मिळवला, अशी ही परंपरा. म्हणजे सिंहगडाच्या दोनशे वर्षं आधीचीच तशीच गोष्ट. (याच घराण्यातला बाजी घोरपडे १६६४ मध्ये आपल्या कुडाळच्या बाजूला खवासखानाच्या मदतीला निघाला होता. शिवाजी महाराजांनी त्याला मुधोळातच गाठून मारलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आपला संबंध नाही असं समजू नका.)

दोन्ही गोष्टींत घोरपड एक हत्यार आहे. तिला काय लागतं, हे एकाही गोष्टीत नाही.

ते सांगणारा माणूस आला विसाव्या शतकात. वॉल्टर ऑफेनबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्याच घोरपडीवर वर्षानुवर्षं काम करून १९९४ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. आपल्याला वाटतं तिचं जेवण म्हणजे कोंबडीची अंडी. प्रत्यक्षात तिचं मुख्य खाणं भुंगेरे, त्यांच्या अळ्या, असले किडे. जोडीला गोगलगाय, खेकडा, बेडूक, उंदीर, मेलेलं जनावर, जे गावेल ते. एकेक किडा हुंगत, जीभ लपलपवत, पाचोळा उकरत ती दिवसभर हिंडते. तोच तिचा व्यायाम. अंडी घालते जमिनीत किंवा वारुळात, एका वेळी वीसेक, आणि पिल्लं यायला सहा-सात महिने सहज लागतात.

परदेशात, जिथे कायदा अडवत नाही, तिथे लोक आफ्रिकेतली सव्हाना घोरपड पाळतात. दुकानात पिल्लू वीतभर असतं. वर्ष-दोन वर्षांत ते तीन फुटांवर जातं आणि माणसाची झोप उडते. त्याला निदान आठ फूट बाय चार फुटांचा पिंजरा, उकरायला दोनेक फूट खोल माती, दिव्याखाली पन्नास अंश तापणारा दगड आणि दुसऱ्या टोकाला गार जागा लागते. अंग बुडेल एवढं पाणी लागतं. बहुतेकजण सोपं म्हणून उंदीरच घालत राहतात. किडे खाऊन हिंडणारं जनावर जागेवर बसून उंदीर खातं, फुगतं, यकृत आणि मूत्रपिंडं जातात, सांधे सुजतात. बघणाऱ्याला वाटतं, काय गुटगुटीत झालीय!

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपली घोरपड आज अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. पाळणं, पकडणं, मारणं, मांस ठेवणं, सगळं गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. परदेशी जातीची घोरपड असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे तिचीही नोंदणी लागते. "पिल्लू होता, दया इली" हे कोर्टात चालत नाही.

आता अवघड भाग. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात चतुर्थीला घुमट आरती ऐकलीच असेल. मातीच्या त्या भांड्याच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचंच कातडं चढायचं. आपल्या आजोबांना त्यात पाप वाटलं नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. आज बकऱ्याचं कातडं लावतात. जुने वाजवणारे म्हणतात, तो नाद येत नाही. येत नसेलही. पण गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं ते बकऱ्याच्याच कातड्यावर, आणि आरती थांबली नाही. थोडा नाद गेला तर गेला. मला हा सौदा मान्य आहे.

मला जास्त राग येतो तो 'हाथा जोडी'चा. लक्ष्मी येते म्हणून देव्हाऱ्यात ठेवायला मुळी म्हणून विकतात ती वस्तू म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. २०१७ मध्ये तपासणीतून हे उघड झालं. सुशिक्षित माणसं ऑनलाईन मागवत होती! सांधेदुखीवर घोरपडीचं तेल विकणारेही असतातच. त्याने गुडघा बरा होत नाही, डॉक्टरकडे जा.

राहिला खुराड्याचा प्रश्न, कारण आपल्याकडे घोरपड मरते ती बहुतेक तिथेच. अंडी नेते हे खरं. पण ती विषारी नाही, अंगावर धावून येत नाही. कोंडली तर चावते आणि शेपटीने फटकावते, म्हणून वाट मोकळी ठेवा. खुराड्याला बारीक जाळी मारा, तळाला चिऱ्याचा थर द्या, अंडी संध्याकाळपर्यंत राहू देऊ नका. घरात शिरली तर एक दार उघडं ठेवून माणसं आणि कुत्रे बाजूला करा, ती आपसूक जाते. नाहीच गेली तर वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. फोटो काढा, पण ग्रुपवर टाकताना जागा लिहू नका.