चौकोनी तुकड्यांची गोधडी आणि जुन्या कापडाचा इतिहास

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत असलेले नाकाडोंगरी हे जंगल, धानशेती आणि मँगनीजच्या खाणी यांच्या टापूतील गाव आहे. अशा गावातील गोधडीचा, म्हणजे जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने एकजीव केलेल्या पांघरुणाचा, इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पुराव्याची. तांब्याचा हंडा किंवा दगडी जाते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. गोधडी मात्र विरलेल्या कापडातूनच जन्म घेते, काही वर्षे अंथरली-पांघरली जाते आणि शेवटी तिचे पोतेरे होते. म्हणून त्या त्या काळी घरात कोणते कापड येत होते, यावरूनच तिचा इतिहास वाचावा लागतो, आणि तसा तो वाचू लागले की गोधडीवरचा सर्वांत साधा आकार, चौकोन, हाच सर्वांत बोलका ठरतो.

हा चौकोन केवळ आवडीतून आलेला नाही. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याचे चार सारखे भाग केले, तर प्रत्येक भाग माणसाच्या उंचीला पुरतो आणि दोन भाग शेजारी जोडले की पांघरुणाएवढा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मिळते. परंतु लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि घोट्यांपाशी ते आधी विरते, तर काठ आणि पदर शाबूत राहतात. विरलेला भाग आतल्या थरात जातो आणि धड भागाचे तुकडे वर येतात. कडेला छोटी चीर देऊन सुती कापड उभ्या वा आडव्या धाग्याच्या रेषेत फाडले, तर कात्री न लावताही सरळ कड मिळते आणि चौकोन पाडताना कापड वाया जात नाही. उलट तिरपा कापलेला तुकडा शिवताना ताणला जातो, म्हणून त्रिकोण जोडायला हात अधिक सरावाचा लागतो. ज्या घरात मोजपट्टी नव्हती, त्या घरातही वीतभर चौकोन अचूक निघे, याचे श्रेय शिवणाऱ्या बाईच्या हाताइतकेच कापडाच्या विणीलाही द्यावे लागते.

शिवणही याच आकाराच्या मागे चालते. थर जमिनीवर पसरून, कडा आत दुमडून, मोठ्या सुईने कडेपासून सुरुवात करायची आणि बोटभर अंतर राखत चारही बाजूंनी मध्याकडे सरकायचे, अशी महाराष्ट्रातील गोधडीची एक रुळलेली पद्धत आहे. तीत टाक्यांच्या ओळींचेच एकात एक बसलेले चौकोन उमटतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गोधड्यांतही एकात एक चौकोनांची रचना आढळते, आणि २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या मांडल्या गेल्यावर त्यांना कलाकृतींचा मान मिळाला. महाराष्ट्रातील गोधडीवर गीता खंडेलवाल यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले असले, तरी पूर्व विदर्भातील घरगुती गोधडीला अभ्यासकांचे तेवढे लक्ष अजून मिळायचे आहे, आणि ही उणीव मोठी आहे.

तुकड्यांच्या वस्त्राला या भूमीत धर्माचाही आधार आहे. विनयपिटकातील कथेनुसार मगधातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी भिक्खूंचे चीवर, म्हणजे अंगावरचे वस्त्र, त्याच आखणीचे करावे असे सुचवले आणि त्यांचे शिष्य आनंद यांनी तुकडे जोडून तसे चीवर तयार केले. धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली भाताची खाचरे, रोज पाहणाऱ्या भंडारा जिल्ह्याला हे चित्र परके नाही. शिवाय मध्य प्रांतात जाडेभरडे सुती कापड विणण्याचे काम ज्या महार समाजाकडे मोठ्या प्रमाणात होते, त्यातीलच अनेकांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारला. विदर्भाचेच गाडगेबाबा चिंध्यांच्या वेषामुळे लोकांत ‘गोधडे महाराज’ म्हणून ओळखले गेले.

कापडाच्या इतिहासात मोठे वळण आले ते गिरण्यांमुळे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, आणि गिरणीचे कापड बाजारात वाढत गेले तसे हातमागाच्या जाड्याभरड्या कापडाचे स्थान आक्रसत गेले. मोहाडी, पवनी, आंधळगाव येथील कोष्टी विणकरांनी मात्र आपली कला टिकवून धरली. दुसरे वळण खाणींमुळे आले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या एका खाण-सिंडिकेटने मध्य प्रांतातील मँगनीजचा शोध हाती घेतला, पुढे डोंगरी बुजुर्गसारख्या खाणी उभ्या राहिल्या आणि १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची कंपनी आली. खाणीची मजुरी रोख मिळत असल्याने आठवडी बाजारातील छापील कापड घरात येणे सोपे झाले असावे. १९४३ पासूनच्या कापड नियंत्रणाच्या काळात, नवे कापड दुर्मिळ झाले असताना, जुन्याची किंमत उमगली नसेल तरच नवल.

रंगांची खरी उधळण मात्र शिलाई मशीन आणि गावोगावचे शिंपी यांच्यामुळे झाली. झंपर, परकर, सदरे यांच्या कातरणीतून उरलेले तुकडे लहान असले तरी नवेकोरे असत, आणि लाल, पिवळ्या, हिरव्या चौकोनांची एकाआड एक मांडणी त्यांतूनच शक्य झाली. पुढे कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्यांचा रंग विटत नाही, पण त्या घाम टिपत नाहीत आणि थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे टाके जवळजवळ घालावे लागतात. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांशी स्पर्धा करत आजही घरोघर गोधडी शिवली जाते ती बहुतेक याच मिश्र कापडाची, वर साडीचे चकचकीत चौकोन आणि आत मिळेल ते सुती. मऊ झालेले जुने सुती लुगडे मात्र बाळाच्या दुपट्यासाठी आधी बाजूला काढले जाते.