बागेतलं ते 'गाजर' आणि पीएल-४८० चा गहू

कामोठ्याहून एका श्रोत्यांनी फोटो पाठवलाय. सोसायटीच्या बागेत, बाहेरून आणलेल्या मातीत, आपोआप एक रोप आलंय. पानं अगदी गाजरासारखी. "काय आहे हे? ठेवू का?"

नका ठेवू. आणि उघड्या हातानं उपटूही नका. खोडावर उभ्या रेघा, बारीक लव आणि शेंड्याला पाच टोकांची इवलीशी पांढरी फुलं दिसतायत, म्हणजे हे गाजरगवत. खाली गाजर मिळणार नाही! शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. माहेर मेक्सिकोच्या आखाताकडचं.

आपल्याकडे मात्र 'काँग्रेस गवत' हे नाव जास्त चालतं. गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते: काँग्रेसच्या राज्यात अमेरिकेतून पीएल-४८० चा गहू आला, त्यातून हे बी आलं. (कोणी म्हणतं, फुलं पांढऱ्या टोप्यांसारखी दिसतात म्हणून.) मीही वर्षानुवर्षं गव्हाचीच गोष्ट सांगायचो.

पण तारखा जुळवून बघा. पीएल-४८० चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात उकिरड्यावर हे झाड प्रा. परांजपे यांना १९५१ मध्येच दिसलं होतं. आर. एस. राव यांनी ते भारतातली नवी नोंद म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापलं, तेही साल १९५६. दोन्ही गोष्टींची गाठ तिथंच पडली असावी. आणि गंमत म्हणजे, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात पुढं १८८० चा वाळवलेला नमुना निघाला. म्हणजे 'नवी' नोंदही तशी नवी नव्हती.

मग गहू निर्दोष? तसंही नाही. १९५१ मध्येच अमेरिकेनं आपल्याला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, आणि नंतरही वर्षानुवर्षं गहू येत राहिला. माझं मत असं की पहिलं रोप गव्हानं आणलं नाही, लोंढा मात्र आणला असावा.

त्रास मात्र वादातला नाही. डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या गवतानं होणाऱ्या त्वचारोगावर निबंध लिहिला. शिवाय परागकणांनी शिंका आणि दमा होतो तो वेगळाच.

तेव्हा कामोठेकर, हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा आणि मुळासकट काढा. फुलं आलीच असतील तर आधी पिशवीत घाला, मग उपटा. एका झाडाचं बी हजारोंनी पडतं. महिन्याभरानं तीच जागा पुन्हा बघा. जमिनीला चिकटलेली, पसरट पानांची पिल्लं नक्की सापडतील.